नऊ नंबरचा गाळा

८ सप्टेंबर

चि. मोजपट्टीस,

आत्याचे अ. आ. आणि सोबत पाठीत एक हलका धपाटा, कारण माझ्या मागच्या सहा पानी पत्राला तू दीड पानात उत्तर दिलंस.

फोन का केला नाही, ते तुला ठाऊक आहे. फोनवर तू हो, नाही आणि बघते एवढंच बोलतेस, आणि त्यातलं बघते म्हणजेही नाहीच असतं. कागदावर मात्र तू माणसासारखी बोलतेस. तेव्हा कागदावरच विचारते.

माझ्या घरापासून दोन गल्ल्या पलीकडचं शॉपिंग सेंटर विकायला निघालंय. तेच ते, लहानपणी मी भाजी घेऊन परतेपर्यंत तू जिथे शटरच्या पट्ट्या मोजत उभी राहायचीस. मालक म्हणजे तिथलेच औषधांच्या दुकानाचे आजोबा. त्यांचं म्हणणं, आता दहा गाळ्यांच्या तक्रारी आणि एका बायकोच्या तक्रारी असं दोन्ही झेपत नाही, आणि बायको विकता येत नाही. दलालाकडे जाण्याआधी मला विचारलं, कारण माझ्या भावाचं वर्कशॉप विकलं गेलं आणि त्याचे पैसे बँकेत लोळताहेत, हे साऱ्या गल्लीला माहीत आहे. वर्ष संपेपर्यंत ते थांबायला तयार आहेत. औषधांचं दुकान तेवढं त्यांचा मुलगा भाडं भरून चालवणार.

सेंटर चांगलं चालतं. कोपऱ्यावर मोठं किराणा दुकान, मग औषधं, बेकरी, लाँड्री, केस कापणारा, दातांची डॉक्टरीण, स्टेशनरी, चष्मेवाला, आणि टोकाला मोबाइल दुरुस्तीवाला. नववा गाळा तेवढा सध्या बंद आहे. तिथलं खेळण्यांचं दुकान उठून गेलं. बाकी सगळे वर्षानुवर्षं टिकून आहेत. मी कारखान्यातून रिटायर झाल्यावर पहिला चष्मा तिथेच केला. तीस वर्षं बॅगांचे पट्टे शिवून डोळ्यांचं काय होतं ते त्या चष्मेवाल्याने मला चित्र काढून समजावलं, आणि वर पैसेही पूर्ण घेतले.

तू ये, बघ, घे आणि वहिनीला घेऊन इकडेच राहायला ये. माझ्या दोन खोल्या रिकाम्या आहेत आणि मी भिंतींशी बोलायला लागले आहे. त्या तुझ्यापेक्षा थोडं जास्त बोलतात.

वहिनीला नमस्कार. लोभ वाढव असं लिहिणार नाही, तो आहे तेवढा पुरतो. पत्राची लांबी वाढव.

तुझी
आत्या

१५ सप्टेंबर

ती. आत्यास,

सा. न. धपाटा पोचला.

तुझ्या पत्रावर मी नीट विचार केला. आधी एक गोष्ट स्पष्ट करते: ते पैसे माझे नाहीत. बाबांनी लेथवर उभं राहून जे उभं केलं, त्यातलं आता एवढंच उरलं आहे, आणि आईचा दरमहाचा खर्च पुढे कायम त्यातूनच निघायचा आहे. माझ्या पैशांनी मी चूक केली तर मी आणखी काम करीन. या पैशांनी चूक केली तर भरून काढायला बाबा नाहीत.

म्हणून माझी अट कडक आहे. गाळे सगळेच्या सगळे भाड्याने गेलेले असतील तरच मी पुढचा विचार करीन. एक बंद असेल तर नाही. तू म्हणशील, दहातला एक, त्यात काय एवढं. मी इमारती तपासते, त्यामुळे अशी सेंटरं आतून पाहिलेली आहेत. बंद शटर म्हणजे फक्त एक भाडं कमी, असं नसतं. लोक बंद शटरपर्यंत येतात आणि मागे वळतात. मग त्याच्या पलीकडचा दुकानदार उपाशी राहतो आणि तोही उठतो. तुझा नववा गाळा बंद आहे, म्हणजे टोकाचा मोबाइलवाला आत्ताच कुरकुरत असणार. विचारून बघ.

दुसरं. विकत घेणं आणि येऊन राहणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. तू त्या एकाच वाक्यात लिहितेस. पहिलीचा मी विचार करते आहे. दुसरीचा नाही.

इथलं ठीक. ऑफिसने अहवाल लिहिण्याचं काम घरून करायची परवानगी दिली आहे, त्यामुळे आठवड्यातले बरेच दिवस मी जेवणाच्या टेबलावर नकाशे पसरून बसते. आईची तक्रार आहे की तिला भाजी चिरायला जागा उरत नाही आणि माझ्या कपाळावरच्या आठ्या बघून भाजीही घाबरते.

पत्र दीड पानाहून मोठं झालं आहे, याची नोंद घ्यावी.

तुझी
मोजपट्टी

२९ सप्टेंबर

चि. मोजपट्टीस,

अ. आ. आणि पेढ्यांऐवजी बातमी.

गेला! नऊ नंबर गेला. तीन वर्षांचा करार झाला, शटर वर गेलं, काचेला आतून पडदे लागले, दिवा दिसतो. आता दहाच्या दहा गाळे भरले. तुझी अट पूर्ण झाली. आता तुझं तोंड बंद आणि पाकीट उघडं.

भाडेकरू कसा आहे म्हणशील, तर सालस, शब्दाचा पक्का आणि वेळेवर भाडं देईल असा. मालकही खूश आहेत. मोबाइलवाल्याला विचारलं, तू म्हणालीस तसाच तो कुरकुरत होता, पण आता गप्प आहे. तुला हे तिथे बसून कसं कळतं कोण जाणे. शेजारीण म्हणून तू भयंकर ठरशील.

आता लवकर ये आणि काय ते ठोकून, मोजून, वास घेऊन बघ. मालकांना सांगून ठेवलंय की माझी भाची वरून खालपर्यंत सगळं बघेल आणि एक शब्द बोलणार नाही, घाबरू नका, ती तशीच आहे.

पत्र लहान आहे. हल्ली मला जरा वेळ कमी मिळतो. का, ते विचारू नकोस, म्हाताऱ्या माणसांनाही कामं असतात.

जपून राहा. उत्तरात तारीख कळव, कारणं नकोत.

तुझी
आत्या

६ ऑक्टोबर

ती. आत्यास,

सा. न.

येत्या शनिवारी सकाळी पोचते, रविवारी संध्याकाळी निघेन. माझ्यासाठी वेगळं काही करू नकोस. शिडी लागेल; लाँड्रीवाल्याकडे असेल तर सांगून ठेव. एक बादलीही लागेल.

तुझ्या पत्रात नव्या भाडेकरूचे तीन गुण आहेत, व्यवसाय एकही नाही. तो काय विकतो ते कळलं तर बरं.

आईने तुझ्यासाठी लोकरीची शाल दिली आहे. रंग तुला आवडणार नाही हे तिला मान्य आहे, पण ऊब आवडेल असं तिचं म्हणणं आहे.

तुझी
मोजपट्टी

२१ ऑक्टोबर

ती. आत्यास,

सा. न. नीट पोचले. तू डब्यात घातलेलं सगळं आईने आणि मी दोन दिवसांत संपवलं.

आधी इमारतीचं. खांब आणि गच्ची उत्तम आहेत. तारा जुन्या आहेत, बदलाव्या लागतील, पण लगेच धोका नाही. एक गोष्ट मात्र कुणीच बोललं नव्हतं. किराणा दुकानाचं मागचं दार, जिथे त्यांचा माल उतरतो, तिथे पाणी साचतं. पाणी कुठे जातं ते तपासायलाच मी बादली मागितली होती. दारासमोर ओतली, पाणी नाल्याकडे जायच्या ऐवजी आत, त्यांच्या गोदामाकडे निघालं. किराणावाले हात बांधून उभे होते. म्हणाले, मालकांना सांगून त्यांचे केस पांढरे झाले, आता ते सांगत नाहीत, फक्त पोती फळीवर ठेवतात. त्यांचा करार येत्या जूनमध्ये संपतो. मुख्य रस्त्यावर ते दुसरी जागा बघत आहेत, हे त्यांनी सरळ सांगितलं नाही, पण नाकारलंही नाही. या सेंटरमधली अर्धी माणसं किराण्यासाठी येतात आणि जाता जाता बाकीच्यांकडे डोकावतात. किराणा गेला तर पाव घ्यायला एवढ्या लांब कोण येईल? म्हणजे आज गाळे सगळे भरलेले असले तरी खरं भोक तिथे आहे.

आता नऊ नंबर.

शनिवारी तू सांगितलंस की तिथला भाडेकरू गावाला गेला आहे आणि किल्लीही त्याच्याकडेच आहे. शटर मात्र वरच होतं; मी पडद्यांच्या फटीतून आत पाहिलं. आत एक टेबल, त्यावर कापड झाकलेलं काहीतरी, एक खुर्ची. पडदे निळे, वरच्या दांडीला कापडी बंदांनी अडकवलेले. प्रत्येक बंद जिथे पडद्याला जोडला आहे, तिथे लहानशी चौकोनी शिवण आहे आणि त्या चौकटीत फुली.

पडद्याला अशी शिवण कुणी घालत नाही. पडद्याला वजन नसतं. ही शिवण बॅगेच्या पट्ट्याची आहे. माझ्या शाळेच्या प्रत्येक दप्तराला होती. एका दप्तराचा तळ फाटला, दुसऱ्याचा खिसा गेला, पट्टे मात्र एकाचेही कधी तुटले नाहीत. ज्या हातांनी तीस वर्षं पट्टेच जोडले, त्या हातांना उशीच्या अभ्र्यालाही साधी शिवण घालता येत नाही. मी रात्री तुझ्याकडे ज्या अभ्र्यावर झोपले, त्यालाही चारी कोपऱ्यांत फुल्या आहेत.

मी तिथे काही बोलले नाही, कारण मला रागावायचं आहे की नाही याची आधी खात्री करायची होती. खात्री झाली. मी रागावले आहे.

माझी अट माझ्याच माणसाने पुरी केली तर ती पुरी होत नाही, आत्या. मी सेंटर घेतलं तर दहापैकी एक भाडं तुझ्या पेन्शनमधून येणार. म्हणजे घरातल्या एका खिशातून दुसऱ्या खिशात. आणि मी घेतलं नाही, तर तीन वर्षं तू पडदा लावलेल्या रिकाम्या खोलीचं भाडं भरणार. दोन्ही बाजूंनी तुलाच बांधून घेतलंस. तू माझ्यापासून लपवलंस, ते एक वेळ सोडून देते. पण कशासाठी, याचा तू जरा तरी विचार केला होतास का?

उत्तर सविस्तर लिही. या वेळी कारणं हवी आहेत.

तुझी

२६ ऑक्टोबर

चि. मोजपट्टीस,

अ. आ. सहीच्या जागी नुसतं तुझी लिहून पुढे काहीच लिहिलं नाहीस, तेव्हाच कळलं की प्रकरण गंभीर आहे.

पकडलंस. फुलीवरून पकडशील असं वाटलं नव्हतं. मला वाटलं होतं तू विजेचा मीटर बघशील, म्हणून तू यायच्या आधी आठवडाभर मी दिवसाढवळ्या दोन दिवे जाळत होते. गावाला गेलेला भाडेकरू शनिवारी दिवसभर तुझ्यासाठी शिडी धरून उभा होता.

कारणं मागितली आहेस ना, घे. तुझं पत्र वाचलं, कडक अट वाचली, आणि मला दिसलं की एका बंद शटरपायी तू कायमची तिकडेच राहणार. पाच मिनिटं विचार केला. सहावं मिनिट केलं असतं तर कदाचित थांबले असते, पण मी पट्टे जोडणारी बाई, दोन टोकं दिसली की शिवून टाकते. मालकांनी विचारलंही, की भाचीला माहीत आहे ना. मी हो म्हणाले. ते तेवढं खोटं बोलले, बाकी करारावरची सही खरी आहे.

आता पुढचं ऐक, म्हणजे वाच. पडदा ओढून नुसतं बसवेना. हात शिवशिवायला लागले. म्हणून माझं जुनं मशीन हमालाकडून गाळ्यात आणून घेतलं. कापडाखाली तू पाहिलंस ते तेच. शटर अर्धं वर होतं, तर दातांची डॉक्टरीण वाकून आत आली आणि विचारायला लागली की इथे बॅगची चेन बसवून मिळते का. मी नाही म्हणायच्या आधीच तिने बॅग टेबलावर ठेवली. रनर गेलेला होता, पाच मिनिटांचं काम. दुसऱ्या दिवशी तिने तिची मदतनीस पाठवली, मदतनिशीने बहिणीला. स्टेशनरीवाला दप्तरं पाठवायला लागलाय आणि वर मला ऐकवतो, मावशी, पाटी तरी लावा, लोक मला विचारून विचारून हैराण करतात. तू येणार म्हणून ती सगळी दप्तरं मी दोन दिवस माझ्या पलंगाखाली लपवली होती. तू त्यावरच झोपली होतीस.

भाडं निघतं का? नाही. अर्धंही नाही. खोटं एकदा बोलले, परत नाही बोलणार.

पण मी माघार घेणार नाही. तू सेंटर घे किंवा नको घेऊस, ते तुझं डोकं. गाळा मी घेतलाय, भाडं मी भरीन. पाटी रंगवायला दिली आहे. तीस वर्षं दुसऱ्याच्या नावाच्या बॅगा शिवल्या, आता माझ्या नावाचं शटर आहे, आणि ते सकाळी वर करताना जो आवाज येतो तो मला आवडायला लागलाय. हे तुझ्या अटीत बसत नसेल तर अट जरा सैल कर, शिवण मी घालून देते.

रागाव हवं तेवढं. पण रागावून लिही, न लिहिता रागावू नकोस.

तुझी
भाडेकरू

२ नोव्हेंबर

ती. वन्संना,

सा. न. मी पत्र लिहिते आहे म्हणजे घाबरू नका, सगळे बरे आहोत.

तुमचं पत्र तिने मला वाचायला दिलं, स्वतः दोनदा वाचलं, आणि मग नकाशे गुंडाळून ठेवले. तुम्हाला तिचा स्वभाव ठाऊक आहे. मोठा विचार चालू असला की पोळीचे अगदी सारखे तुकडे करते. काल दोन्ही जेवणांना तेच केलं.

मला तुम्हा दोघींना एक सांगायचं आहे. हे सगळं माझ्या खर्चासाठी चाललंय म्हणता. तुम्ही खोटी भाडेकरू झालात, तिने बादल्या ओतल्या, मालकांशी बोलणी झाली. मला मात्र कुणी विचारलं नाही. वन्सं, राग मानू नका, पण मी काही बँकेतली पावती नाही, की तुम्ही दोघींनी मला कुठे ठेवायचं ते ठरवावं.

आज सकाळी मी तिला सांगितलं. हे गेल्यानंतर वर्कशॉपचं शटर मी स्वतः दोन महिने उघडत होते, गिऱ्हाइकांचे राहिलेले भाग परत करत होते. रोज कुणीतरी यायचं, काहीतरी विचारायचं. त्या दोन महिन्यांत मी जेवढी माणसांत होते, तेवढी त्यानंतर झाले नाही. बँकेतून दर महिन्याला पैसे येतील, पण त्यासोबत माणूस येत नाही. मला ते सेंटर हवं आहे. भाडी गोळा करायला मी स्वतः दुकानादुकानांत जाईन, आणि मोबाइलवाल्याची कुरकुर मी ऐकीन. मला कुरकुर ऐकायची सवय आहे, तुमच्या भावाशी संसार केलाय.

तिने ऐकून घेतलं. म्हणाली, बघते. तुम्ही म्हणता बघते म्हणजे नाही. पण या वेळी तिने पोळी तोडली ती वेडीवाकडी.

शाल वापरता ना?

तुमची
वहिनी

२८ नोव्हेंबर

ती. आत्यास,

सा. न.

बरेच दिवस लिहिलं नाही, कारण अर्धवट लिहायचं नव्हतं. आता पूर्ण लिहिते.

मागच्या आठवड्यात मी तिथे येऊन गेले. तुला कळवलं नाही आणि तुझ्याकडे उतरले नाही, कारण तू शिडी धरायला आली असतीस. सकाळच्या गाडीने आले, संध्याकाळच्या गाडीने परतले. तुझी पाटी पाहिली. अक्षर ठसठशीत आहे. तू कुणाच्या तरी सामानाच्या पेटीवर वाकली होतीस, म्हणून काचेवर टकटक केली नाही.

आधी मालकांकडे गेले. त्यांना सांगितलं की नऊ नंबरची भाडेकरू माझी आत्या आहे हे मला माहीत नव्हतं, आणि म्हणून तो गाळा रिकामा धरूनच किंमत ठरवावी. त्यांनी चष्मा काढला. आधी त्यांना वाटलं मी किंमत पाडायला नवी युक्ती काढली आहे. ते बरंच बोलले. मी थांबले. मग मी पडद्याच्या फुलीचं सांगितलं, आणि ते इतके हसले की त्यांच्या मुलाने पाणी आणून दिलं. म्हणाले, उभ्या आयुष्यात भाडेकरू पळून जाताना पाहिले, पण विकत घेणाऱ्याच्या घरातून भाडेकरू आलेला कधी पाहिला नव्हता. किंमत उतरली. मला हवी होती तेवढी नाही, पण मी मनाशी धरलेल्या रेषेच्या खाली.

मग किराणावाल्यांकडे. मागच्या दाराचा उतार कसा बदलायचा त्याचं चित्र मी काढून नेलं होतं. फरशी उचलायची, उतार नाल्याकडे फिरवायचा, आणि माल उतरवायला दाराशी रॅम्प, म्हणजे हातगाडी थेट गोदामात जाईल. त्यांनी चित्र उलटंसुलटं पाहिलं आणि विचारलं की हे कागदावरच राहणार का. मी म्हटलं, नवा करार जूनऐवजी आत्ताच करा, आणि त्यात लिहा की उतार झाला नाही तर करार रद्द. शब्दापेक्षा त्यांना हे पटलं. पाच वर्षांसाठी थांबतायत. बाहेर पडताना त्यांनी मला एक नारळ दिला, पैसे घेतले नाहीत. हा माझ्या माहितीप्रमाणे त्या दुकानातला पहिलाच प्रसंग असावा.

म्हणून सेंटर घेते आहे. आईच्या नावावर. तिने मला ज्या शब्दांत सांगितलं ते तुला कळलंच आहे. मी ते पैसे कुठे सुरक्षित राहतील याचा विचार करत होते. ती कुठे राहील हा विचार माझ्या आकडेमोडीत कुठेच नव्हता.

आता तुझं. मालक तुझा करार काही न घेता रद्द करायला तयार आहेत. मी त्यांच्याकडून तसं लिहून घेतलं आहे. सही करायची की नाही, ते तू ठरव. ठेवणार असशील तर नव्या मालकिणीच्या अटी बाकी नऊ जणांना आहेत त्याच तुला असतील. शटर सकाळी दहाला वर गेलंच पाहिजे. भाडं पाच तारखेपर्यंत. सूट नाही. आणि एक नवं कलम: मालकाच्या लेखी परवानगीशिवाय पोटभाडेकरू ठेवायचा नाही. ते मोबाइलवाल्यामुळे घालावं लागलं; त्याने अर्धा काउंटर मेव्हण्याला दिला आहे.

राग गेला आहे. कधी गेला ते नक्की सांगता येणार नाही, याचं मलाच आश्चर्य वाटतं.

तुझी
मोजपट्टी

१४ जानेवारी

चि. मोजपट्टीस,

अ. आ. आणि पोटभर हसू.

करार रद्द करायचा तो कागद मी चार घड्या घालून मशीनच्या डुगडुगणाऱ्या पायाखाली ठेवलाय. आता मशीन हलत नाही. यावरून काय समजायचं ते समज.

व्यवहार पुरा झाला त्या दिवशी वहिनी इथे होती, हे तुला माहीत आहेच. पण तिने काय काय केलं ते तिने तुला सांगितलं नसणार. सही करून आली ती सरळ सेंटरमध्ये गेली आणि टोकापासून सुरुवात करून प्रत्येक दुकानात पाच मिनिटं बसली. लाँड्रीवाल्याला विचारलं मुलीचं लग्न ठरलं का, त्याला मुलगी नाही. केस कापणाऱ्याला सांगितलं की आरसा वाकडा आहे. माझ्याकडे आली तेव्हा मी बाकीच्या गिऱ्हाइकांसारखं तिलाही थांबवलं, कारण हातात काम होतं. ती थांबली. मग म्हणाली, वन्सं, पाच तारीख होऊन गेली. माझ्या आयुष्यात इतक्या गोड आवाजात कुणी मला धमकावलं नव्हतं. भाडं तिथल्या तिथे दिलं. बटव्यातून, पलंगाखालून नाही.

रॅम्प झाला. ठोकाठोकीने आठवडाभर डोकं उठलं, पण किराणावाल्यांच्या दारात आता पाणी ठरत नाही. ते येणाऱ्याजाणाऱ्याला बादली ओतून दाखवतात. फरशी पुसणारी वैतागली आहे.

माझं म्हणशील तर गेल्या महिन्यात भाड्याच्या पाऊणपट कमाई झाली. अजून पुरत नाही, पण उरलेलं मी पेन्शनमधून हसत घालते. नाटकाच्या तिकिटापेक्षा हे स्वस्त पडतं आणि जास्त रंगतं. एकच आहे, गाळा माझ्या कामाला फार मोठा. माझं सगळं पुढच्या अर्ध्यात मावतं. मागे खिडकीखालची जागा नुसती पडून आहे. दिवसभर चांगला उजेड असतो तिथे, वाया जातो.

वहिनी दोन महिने राहायला येते म्हणाली. तुला राहायला ये असं मी आता लिहिणार नाही. विकत घेणं आणि येऊन राहणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे मी मान्य केलंय. बघ, म्हातारपणीही माणूस शिकतं.

बाकी क्षेम. मशीनला तेल आणि मला पत्र, दोन्ही वेळेवर हवं.

तुझी
आत्या

९ फेब्रुवारी

गाळा क्रमांक नऊच्या भाडेकरू यांस,

सा. न. वि. वि.

हे पत्र मालकिणीच्या वतीने लिहिते आहे. मालकीण शेजारी बसून भाजी चिरते आहे आणि मजकुराला तिची संमती आहे.

या महिन्याचं भाडं वेळेवर मिळालं. आभार. शटर एका सकाळी दहा वाजून गेल्यावर उघडल्याची तक्रार मोबाइलवाल्यांनी केली आहे. त्यांच्या मेव्हण्याचा काउंटर आम्ही अजून काढलेला नाही, याची आठवण त्यांना देण्यात आली आहे. तारा बदलण्याचं काम मार्चमध्ये सुरू होईल. त्या दिवसांत मशीन बंद ठेवावं लागेल.

एक विनंती आहे. मागच्या खेपेला मी काचेबाहेर उभी होते तेव्हा खिडकीखालची जागा पाहून ठेवली होती. रुंदी नंतर आईने पावलांनी मोजून कळवली. तिच्या पावलांवर मी विसंबणार नाही, पण अंदाज जुळतो. माझं नकाशांचं टेबल तिथे मावतं, आणि तुमच्या गिऱ्हाइकांना जायला वाट उरते. ऑफिसशी बोलले. अहवाल मी कुठे बसून लिहिते याच्याशी त्यांना देणंघेणं नाही, महिन्यातून एकदा तिकडे गेले की पुरे.

अर्ध्या गाळ्याचं अर्धं भाडं मी देईन. म्हणजे तुमच्या हिशेबात जे पेन्शनमधून हसत घालावं लागतं, ते घालावं लागणार नाही. ही सूट नाही. मला उजेड हवा आहे आणि त्याचं भाडं मी भरते आहे. काम करताना मी बोलत नाही, हे तुम्हाला ठाऊक आहे. तुम्ही बोललात तर चालेल. राहण्याच्या बाबतीत, त्या दोन रिकाम्या खोल्यांपैकी कोणती भिंत जास्त बोलते ते कळवावं, म्हणजे पलंग दुसऱ्या बाजूला ठेवता येईल. माझा अभ्रा मी आणणार नाही.

टेबलाची एक पट्टी सैल झाली आहे. खिळ्याने बसत नाही, कापडी पट्टा लागेल. तो कसा जोडायचा ते मी सांगणार नाही.

करारातलं कलम तुम्हाला माहीत आहे: मालकाच्या लेखी परवानगीशिवाय पोटभाडेकरू ठेवता येत नाही. मालकीण म्हणून आईची हरकत नाही, हे या पत्राने लेखी कळवते आहे. भाडेकरू म्हणून तुझी आहे का?

तुझी
मोजपट्टी